इंटरनेट रेडिओसाठी भजन-कीर्तनांच्या ध्वनिमुद्रणांची मांडणी



देवस्थानांत व भजनी मंडळांत जुन्या कॅसेटवरील कीर्तने आणि भजने जपून ठेवलेली आढळतात. चुंबकीय फीत कालांतराने खराब होते. म्हणून ती वेळीच संगणकावर उतरवून घेणे अगत्याचे आहे. पुढे ती इंटरनेट रेडिओवरून अहोरात्र ऐकविता येतात. त्यासाठी अझुराकास्ट ही विनामूल्य, मुक्तस्रोत प्रणाली उपयोगी पडते. तिच्यातील लिक्विडसोप हा भाग गीतांचा क्रम लावतो व आइसकास्ट ती श्रोत्यांपर्यंत पोहोचवितो. मात्र प्रणालीला प्रसंग कळत नाही. यादी चुकली तर पहाटे शेजारती लागेल.

१) मूळ प्रत
कॅसेटवरून घेतलेली मूळ प्रत वेव्ह अथवा फ्लॅक स्वरूपात स्वतंत्र डिस्कवर ठेवावी व तिला हात लावू नये. प्रक्षेपणासाठी एमपी३ प्रत करावी. १२८ केबीपीएस दराने एका तासाची फाईल सुमारे ५८ एमबी होते.

२) नावे
प्रत्येक फाईलमध्ये शीर्षक, संत, गायक, प्रकार व वर्ष ही माहिती भरावी. तीच गीते वा तोच गायक लागोपाठ येऊ नये, याची काळजी प्रणाली याच माहितीवरून घेते. बेळगावच्या खडेबाजारात मराठी व कन्नड दोन्ही भाषा कानी पडतात. तसेच आपल्या संग्रहात तुकोबांच्या अभंगांशेजारी ‘पुरंदरविठ्ठल’ या नाममुद्रेची दासपदेही असू शकतात. एकाच संताचे नाव तीन प्रकारे लिहिले गेल्यास संगणक तीन निराळ्या व्यक्ती समजतो. म्हणून नावांची एक प्रमाण सूची करून सर्वांनी तीच वापरावी. टंकलेखन युनिकोडमध्येच असावे; जुन्या श्रीलिपी फाँटमधील नावे अन्य संगणकावर वाचता येत नाहीत.

३) याद्या
अभंग, गवळणी, भारुडे, दासपदे, कीर्तने, आरत्या व निवेदने अशा स्वतंत्र याद्या कराव्यात. ज्या यादीचा भार अधिक, ती अधिक वेळा निवडली जाते. निवेदन तासातून एकदा लावता येते. आरत्यांना मात्र ठराविक वेळच द्यावी व त्या सर्वसाधारण फेरीत ठेवू नयेत.

नियोजित वेळ झाली तरी, वेगळी आज्ञा दिलेली नसल्यास, चालू फाईल संपल्यावरच पुढील यादी सुरू होते. पहाटे ४ वाजता दोन तासांचे कीर्तन लागले, तर ५ ची काकड आरती ६ वाजता होईल. म्हणून नारदीय कीर्तनाची फाईल पूर्वरंग व उत्तररंग अशी विभागावी. हा विभाग कथेस बाधक होत नाही.

४) वेळ व तिथी
अझुराकास्टमध्ये केंद्राची वेळ आरंभी जागतिक प्रमाणवेळेवर असते. ती भारतीय वेळेवर आणली नाही तर ५ वाजताची काकड आरती सकाळी १०.३० ला ऐकू येईल. तसेच प्रणालीस तिथी कळत नाही; एकादशी, रामनवमी, गोकुळाष्टमी यांच्या तारखा दरवर्षी पंचांग पाहून भराव्या लागतात.

५) हक्क
संतांच्या शब्दांवर कोणाचा स्वामित्वहक्क नाही. परंतु ध्वनिमुद्रणावर व नव्या चालीवर असतो. १९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो. १९६० साली निघालेल्या तबकडीची मुदत २०२० अखेर संपली. मात्र चालीचा हक्क संगीतकाराच्या निधनानंतरही ६० वर्षे राहतो. त्यामुळे बाजारातील कॅसेट परवानगीविना लावू नये. आपल्या मंदिरातील ध्वनिमुद्रणासाठीही गायक व कीर्तनकारांची लेखी संमती घेऊन ती फाईलच्या नोंदीसोबत ठेवावी.

जुन्या कॅसेटवर बहुधा फक्त ‘भजन’ एवढेच लिहिलेले असते. आवाज कोणाचा, हे ओळखणारी वडीलधारी मंडळी आज आपल्यात आहेत. त्यांच्याजवळ बसून नावे आताच लिहून घ्यावीत, ही नम्र विनंती. फीत यंत्राने उतरविता येते. हरवलेले नाव कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही.