रहाट, पंप आणि बाल्कनीतल्या कुंड्या

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. मुंबईत तेव्हा १० टक्के पाणीकपात चालू होती. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत खाली नोटीस लागली: कुंड्यांना पाइपने पाणी घालू नये. आईचा पारा चढला. "गाड्या धुतात ते चालतं, माझी झाडं तेवढी दिसली ह्यांना!"

आपण पडलो इंजिनिअर, भांडणाआधी मोजमाप. पाइपखाली १५ लिटरची बादली लावली, दीड मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला १० लिटर. आईची पाणी घालायची वेळ ८ मिनिटं, कुंड्या २२. रोजचे झाले ८० लिटर! शहरी पाणीपुरवठ्याचं आपल्याकडचं प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. त्यातलं निम्म्याहून जास्त कुंड्यांना, आणि त्यातलंही बरंचसं तळातून वाहून गटारात.

आकडा ऐकून आई गप्प झाली. मग म्हणाली, "आमच्या वाडीत असं पाणी सोडलं असतं ना, तर बाबांनी घरात घेतलं नसतं."

आईचं माहेर वसईचं. केळी, नागवेलीची पानं, फुलं आणि भाजी यांच्या वाड्यांचा हा मुलूख. इथली सुकेळी अजून प्रसिद्ध आहेत. आजोबांकडून रहाटाच्या गोष्टी लहानपणी ऐकल्या होत्या, पण त्यामागचं गणित त्या शनिवार-रविवारी डोक्यात शिरलं.

रहाट म्हणजे विहिरीवरचं मोठं चाक आणि त्यावर पोहऱ्यांची माळ. बैल गोल फिरायचा, एकेक पोहरा भरून वर यायचा, पन्हळीत रिकामा व्हायचा. तिथून पाटाने पाणी झाडांच्या आळ्यांत. बैल दमला की रहाट बंद, आणि तेवढ्या वेळात विहिरीत झिरपून पाणी पुन्हा वर यायचं. शिवाय गावोगावी बावखलं होती, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारी तळी. ती आसपासच्या विहिरींना पाणी पुरवायची.

मग विजेचे पंप आले. बटण दाबलं की पाणी, बैलाला चारा नको की माणूस मागे फिरायला नको. कोणाला नको होतं हे? माझ्या आजोबांनीही पंप बसवलाच. पण किनाऱ्यावरच्या जमिनीत एक मेख असते. जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते वजनाला हलकं. ढोबळ हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे ४० मीटर असतं. म्हणजे वरची पातळी १ मीटर उतरली तर खालून खारं पाणी ४० मीटर वर सरकू शकतं. उपसा वाढला, पुढे बांधकामं वाढली आणि वसईतल्या कितीतरी विहिरी खाऱ्या झाल्या. १९८० च्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, त्यामागे हीच धास्ती होती.

जुनी माणसं काही फार थोर होती म्हणून पाणी वाचवत नव्हती हो. बैलाच्या पायांमुळे उपशाला आपोआप मर्यादा होती, इतकंच. पंपाने ती मर्यादा काढली आणि तिच्या जागी दुसरी कुणी घातलीच नाही.

आमच्या नळाचंही तेच. मुंबईसाठी विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये आणि तानसा १८९२ मध्ये. विहार आणि तुळशी आपल्या साष्टी बेटावर, पण पाणी मुख्यतः शहराला. मुलुंड महापालिकेत आलं थेट १९५७ मध्ये, ज्या वर्षी वैतरणेवरचं मोडक सागर धरण झालं त्याच वर्षी. आज तानसाचे ते अजस्र पाइप आमच्या घराजवळून जातात. लहानपणी त्यांच्यावर चढायचो, पण हे पाणी कुठून येतं असा प्रश्न काही पडला नाही. येतं ते सुमारे १०० किलोमीटरवरून. तानसा, भातसा ही धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या गावपाड्यांत उन्हाळ्यात टँकर फिरतात. त्यांच्या अंगणातलं पाणी मी आठ मिनिटांत मातीतून गटारात सोडत होतो. हे काही पचेना.

मग झाडं काढून टाकायची का? मुळीच नाही. वेग कमी करायचा. सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या फान शंगझी यांच्या चिनी शेतीग्रंथात मातीचं मडकं जमिनीत पुरून भोवती वेल लावायची पद्धत आहे. मडक्यातून पाझरतं तेवढंच पाणी मुळांना मिळतं. इस्रायलमध्ये सिम्खा ब्लास यांच्या कल्पनेवर १९६५ मध्ये हात्झेरिम किबुत्झात ठिबकचा उद्योग सुरू झाला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस जळगावात भवरलाल जैन यांनी तो आपल्या शेतकऱ्यांपर्यंत आणला. मडकं काय, ठिबक काय, दोन्हीत रहाटासारखाच हळू वेग आहे.

आमच्या बाल्कनीत आता पाइप नाही. तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत जमतं, ते सकाळी तांब्याने घालायचं. मोठ्या चार कुंड्यांत बिनरंगाची छोटी मडकी पुरली आहेत, तोंडावर झाकण (नाहीतर डासांची सोय!). मातीवर नारळाच्या शेंड्या पसरल्या, त्यामुळे ओल टिकते. बोटाने माती चाचपायची, ओली असेल तर त्या दिवशी सुट्टी. परत मोजलं, रोजचे २० लिटर भरले. त्यातले निम्मे तरी स्वयंपाकघरातले. एक तगर गेली, बाकी सगळी झाडं ठणठणीत.

कपात त्याच वर्षी २९ जुलैला उठली आणि सोसायटीची नोटीसही निघाली. मी आईला विचारलं, पाइप परत लावू का?

"नको," ती म्हणाली. "तांब्या हातात असला की किती घातलं ते कळतं."