कापलं किती, उरलं किती

आमच्या घरात पगाराला ‘तनखा’ म्हणत. अब्बा तालुक्याच्या कचेरीत शिपाई होते. एक तारखेला संध्याकाळी त्यांची सायकल दाराशी टेकली, की अम्मी आतून विचारायची, ‘तनखा हुई क्या?’ बाहेर गल्लीत त्यालाच पगार म्हणत आणि शाळेच्या पुस्तकात वेतन. पुढे बी.ए.ला मराठी घेतलं, तेव्हा कळलं की तनखा फारसीतून आला, वेतन संस्कृतातून, आणि अगदी आपला वाटणारा पगार पोर्तुगिजांकडून. शब्द तीन वाटांनी आले, पण एक तारखेला तिन्हींचा अर्थ एकच व्हायचा : वाण्याची उधारी, दूधवाला, घरभाडं आणि आम्हा भावंडांची फी.

हे सगळं पुन्हा आठवलं ते मार्च २०२०मध्ये. टाळेबंदी लागून आठवडा झाला होता. मी तेव्हा एका सरकारी कचेरीत लिपिक होतो, म्हणजे वर्ग तीन. ३१ मार्चला राज्याच्या अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं की तिजोरीवर ताण आहे. मुख्यमंत्री, मंत्री, आमदार यांच्या पगारात साठ टक्के कपात, ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाच्या अधिकाऱ्यांची पन्नास टक्के, ‘क’ वर्गाची पंचवीस टक्के आणि ‘ड’ वर्गाची कपात नाही. ओरड झाली आणि लगेच खुलासाही आला, की ही कपात नाही, पगार दोन टप्प्यांत मिळेल. पण तो खुलासा कानावर येईपर्यंत आमचे फोन तापले होते.

आमच्या साहेबांचा फोन आला. ‘माझे पन्नास, तुमचे पंचवीस, शिपायाचं काहीच नाही. घराचा हप्ता काय माझा अर्धा होणार आहे? हा कुठला न्याय?’ मी ‘हो साहेब’ म्हणालो. मनातून मात्र थोडं बरंच वाटलं, हे आज कबूल करतो. संध्याकाळी कचेरीतल्या शिपाईमामांचा फोन आला. ‘भाई, आमचं कापलं नाही म्हणतात, खरं का?’ मी म्हटलं, ‘खरं आहे मामा, तुम्ही वर्ग चार.’ ते जरा थांबले आणि म्हणाले, ‘मग आमच्या पोराचा वर्ग कोणता?’

मुलगा त्याच इमारतीत झाडलोट करायचा, पण ठेकेदाराकडून. कचेरी बंद, म्हणून ठेकेदाराने पैसे बंद केले होते. सरकारी आदेशात अ, ब, क, ड अशी चार अक्षरं होती. पोराचं अक्षर त्यात नव्हतं. मामांना मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा दिलंच नाही.

सरकारला पैसे कमी पडले, तर कुणाचं आणि किती कापावं? हा प्रश्न करोनाने आणला असं आपल्याला वाटतं. तो बराच जुना आहे. त्याची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती १९३१ सालची आहे आणि घडली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, इन्व्हरगॉर्डन नावाच्या बंदरात.

जगभर मंदी होती. ब्रिटनच्या तिजोरीत खड्डा पडला होता. खर्च कसा कमी करायचा हे सांगायला नेमलेल्या समितीने सरकारी पगार आणि बेकारांचा भत्ता कापायला सांगितलं. बेकारांच्या भत्त्यावरून मजूर पक्षाच्या मंत्रिमंडळात फूट पडली आणि ऑगस्टमध्ये ते सरकार गेलं. पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड मात्र राहिले, आता सर्वपक्षीय सरकारचे प्रमुख म्हणून. सप्टेंबरच्या १० तारखेला नवा अर्थसंकल्प आला. शिक्षकांना पंधरा टक्के कपात, बेकारांच्या भत्त्यात दहा टक्के. न्यायाधीशांचाही पगार वीस टक्क्यांनी खाली आला, पाच हजार पौंडांचा चार हजार झाला.

आरमारात काय ठरलं ते पाहा. अधिकाऱ्यांना साधारण दहा टक्के किंवा त्याहून कमी. पण १९२५च्या आधी भरती झालेल्या साध्या खलाशाला रोज चार शिलिंग मिळत, त्याचे तीन होणार होते. म्हणजे पंचवीस टक्के. यामागे सरकारचा एक हिशेब होता. १९२५नंतर भरती झालेल्यांना तीनच शिलिंग मिळत होते, तेव्हा सगळे एका पातळीवर आले की झालं. शिवाय मंदीमुळे महागाई उतरली आहे, असंही सांगितलं गेलं. कागदावर हे दोन्ही मुद्दे अगदीच चूक नव्हते. पण जुन्या खलाशांना पूर्वी शब्द दिलेला होता, की तुमचा जुना दर कायम राहील. त्या भरवशावर त्यांनी लग्नं केली होती, घरं भाड्याने घेतली होती, सामानसुमान हप्त्यांवर आणलं होतं. चारातला एक शिलिंग गेला म्हणजे खलाशाच्या बायकोच्या हातात भाडं उरलं नाही. बड्या अधिकाऱ्याचा दहावा भाग गेला म्हणजे त्याच्या शिलकीतून काहीतरी गेलं.

आणखी एक गोष्ट झाली. ही बातमी खलाशांना कुणी समोर बसवून सांगितली नाही. ताफ्याचे प्रमुख इस्पितळात होते, वरून आलेलं पत्र वेळेवर योग्य हातात पडलं नाही. बारा हजारांच्या आसपास माणसं त्या बंदरात होती. आपल्या ताटातलं किती जाणार, हे त्यांना वर्तमानपत्रांतून आणि रेडिओवरून कळलं. आज नभोवाणीवरून ही गोष्ट सांगताना मला ते जाणवतं आहे.

१५ सप्टेंबरच्या सकाळी मोठ्या जहाजांवरच्या खलाशांनी समुद्रात जायला नकार दिला. रॉडनी, व्हॅलियंट, नेल्सन, हूड ही त्यांतली नावं. एका जहाजावरचे खलाशी डेकवर जमून जयघोष करत, मग दुसऱ्या जहाजावरून तसाच आवाज येई. आपण एकटे नाही, हे कळायची ती खूण होती. कुणावर हात उगारला गेला नाही. आम्ही राजाशी एकनिष्ठ आहोत, वाजवी कपात सोसू, पण ही सोसणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. १६ तारखेला जहाजांना आपापल्या बंदरात परतायचा हुकूम झाला, गाऱ्हाणी ऐकून घेण्याचं आश्वासन मिळालं आणि प्रकरण मिटलं.

मिटलं म्हणजे आरमारापुरतं. ब्रिटिश आरमारात बंड, ही बातमी जगभर गेल्यावर पौंडावरचा विश्वास आणखी ढळला आणि २१ सप्टेंबरला ब्रिटनने सुवर्णमान सोडलं. सरकारनेही पाऊल मागे घेतलं. खलाशी, शिक्षक, पोलीस, कुणाचीच कपात दहा टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही असं जाहीर झालं. शिक्षा होणार नाही असा शब्द देऊनही पुढे अनेक खलाशांना मात्र आरमारातून काढण्यात आलं.

न्यायाधीशांनीही त्या डिसेंबरात निषेध नोंदवला. आम्ही इतरांसारखे सरकारचे नोकर नाही, आमच्या पगाराला हात लावणं म्हणजे न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याला हात लावणं, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी काही अडवलं नाही, लेखी निवेदन दिलं. खलाशांजवळ जहाज होतं, न्यायाधीशांजवळ कायदा होता. बेकारांजवळ दोन्ही नव्हतं. त्यांच्या भत्त्यातली दहा टक्के कपात तशीच राहिली, ती १९३४पर्यंत. इन्व्हरगॉर्डनची गोष्ट सांगताना लोक बहुधा खलाशांपाशी थांबतात. मला या शेवटच्या रांगेतल्या माणसांपर्यंत जावंसं वाटतं. शिपाईमामांचा पोरगा त्याच रांगेत उभा आहे.

तेच मंदीचं वारं हिंदुस्थानातही आलं होतं. १९३१च्या अखेरीला इथेही सरकारी पगारात दहा टक्के कपात सुरू झाली. सनदी अधिकाऱ्यांच्या पगाराला लंडनची हमी असल्यामुळे ते कापायला तिथल्या पार्लमेंटला खास कायदा करावा लागला. १९३३मध्ये ही कपात पाच टक्क्यांवर आली आणि पुढे दोन वर्षांनी संपली. त्या काळात शेतमालाचे भाव जवळजवळ अर्ध्यावर उतरले होते आणि शेतसारा मात्र रोखीने भरायचा होता. स्वस्ताईत पगारदाराचे उरलेले नव्वद टक्के बऱ्यापैकी पुरत होते. शेतकऱ्याची कपात बाजाराने केली, तिचा आदेश निघाला नाही आणि तिची मुदतही ठरली नाही.

आपल्याकडे तेव्हा एक वेगळा प्रश्न विचारला जात होता : मुळात वरचा पगार इतका का? २ मार्च १९३०ला, दांडीयात्रेच्या आधी, गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहिलं. त्यात पगाराचा हिशेब आहे. व्हाइसरॉयना महिना एकवीस हजारांहून जास्त, म्हणजे दिवसाला सातशे रुपये, आणि सामान्य हिंदी माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. पाच हजार पटींहून मोठं अंतर. पुढच्याच वर्षी कराचीच्या अधिवेशनात काँग्रेसने ठराव केला, की सरकारी नोकराचा पगार सर्वसाधारणपणे महिना पाचशे रुपयांच्या वर असू नये. १९३७ला प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली, तेव्हा मंत्र्यांनी पाचशेच रुपये घेतले, घर-गाडीचा भत्ता वेगळा. पण त्यांच्या हाताखालच्या सनदी सचिवांचे पगार कायद्याने सुरक्षित होते. त्यामुळे मंत्री पाचशेवर आणि सचिव त्याच्या कितीतरी पट, असं दृश्य दिसे. तरीही लोकांना तो पाचशेचा आकडा भावला, कारण कापणाऱ्याने कात्री आधी स्वतःला लावली होती.

आता परत २०२०कडे येऊ. त्या वर्षी खासदारांचा पगार एका वर्षासाठी तीस टक्क्यांनी कमी झाला. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले, सचिवापासून शिपायापर्यंत एकाच मापाने. तेलंगणाने मंत्र्यांचा पाऊण पगार रोखला, पण पेन्शनरांचंही अर्धं पेन्शन रोखलं आणि चौथ्या वर्गाचे दहा टक्के. आंध्रातलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२१मध्ये न्यायालयाने सांगितलं, की केलेल्या कामाचा पगार हा हक्क आहे, आणि थकवलेली रक्कम सहा टक्के व्याजाने द्यायला लावली.

हे सगळं शेजारी शेजारी ठेवलं, की महाराष्ट्राची ती चार पायऱ्यांची रचना मला त्यातल्या त्यात वाजवी वाटते. साठ, पन्नास, पंचवीस, शून्य. वरच्याचं जास्त, खालच्याचं काही नाही. साहेबांना मी ‘हो साहेब’ म्हणालो, ते चूकच होतं. मात्र त्यांच्या हप्त्याचा मुद्दा खोटा नव्हता. चारच्या जागी तीन शिलिंग झालेल्या खलाशाचाही तोच मुद्दा होता. माणूस पगाराच्या भरवशावर आयुष्य मांडतो, म्हणून कापण्याआधी त्याला सांगावं, मुदत ठरवावी आणि परत देणार असाल तर तारीख द्यावी. पण किती टक्के कापले एवढ्यावर न्याय ठरत नाही. कापल्यावर हातात काय उरलं, ते बघावं लागतं. आणि ते बघताना यादीत ज्याचं नावच नाही, त्यालाही मोजावं लागतं. आशा सेविकांना पगार नाही, मोबदला असतो. ठेक्यावरच्या सफाई कामगाराला वर्ग नाही. सरकारचं काम दोघंही करतात.

शेवटी माझं स्वतःचं सांगतो. त्या एप्रिलमध्ये माझा पाऊण पगार आला. आमच्याकडे धुण्याभांड्याला एक बाई येतात, त्या टाळेबंदीमुळे येत नव्हत्या. मी बायकोला म्हटलं, ‘या महिन्यात त्यांना अर्धेच देऊ, आपलेही कापलेत.’ ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, ‘तुमचे सरकार पुढे देणार आहे. तिचे कोण देणार?’

मला अम्मी आठवली. महिनाअखेरीला दूध कमी पडलं, की ती आधी स्वतःचा चहा कोरा करायची, मग अब्बांचा. आमच्या धाकट्या बहिणीच्या वाटीला मात्र तिने कधी हात लावला नाही. टक्के तिला येत नव्हते.

त्या बाईंना आम्ही पूर्ण पैसे दिले. माझा राहिलेला पाव पगारही पुढे मिळाला. शिपाईमामांच्या मुलाचे त्या महिन्यांचे पैसे मात्र कधीच आले नाहीत. मामा आता निवृत्त झालेत. भेटले की अजून विचारतात, ‘भाई, सापडला का त्याचा वर्ग?’