घाबरणाऱ्यांनी घडवलेला खेळ

अर्जुनी मोरगावची ओळख सांगताना धान, तलाव आणि नाटक या तीन गोष्टी हमखास येतात. नवेगावबांधचा जुना तलाव, इटियाडोहचे पाणी, आणि दिवाळीनंतर मंडया, म्हणजे इथल्या जत्रा, सुरू झाल्या की वडशाच्या कंपन्यांची रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके. लोकांपुढे उभे राहायला लागणारी हिंमत या मुलखात कमी आहे, असे कोणी म्हणणार नाही. तरीही इथल्या एखाद्या पोराने किंवा पोरीने बॉक्सिंग शिकायचे मनात आणले, तर ग्लोव्ह्ज कुठून आणायचे हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न मनातला असतो: तोंडावर ठोसा येणार या कल्पनेनेच मला धडकी भरते, मग हा खेळ माझा कसा? यामागे एक समजूत आहे. बॉक्सर जन्मतः निडर असतो आणि ज्याला भीती वाटते त्याने त्या वाटेला जाऊ नये, ही ती समजूत. माझे म्हणणे असे की हौशी बॉक्सिंगचा इतिहास या समजुतीच्या नेमका उलट आहे. आज हा खेळ ज्या रूपात खेळला जातो, ते रूप त्याला भिणाऱ्यांमुळेच मिळाले.

अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये उघड्या मुठींनी, पैजेवर, एक जण कोसळेपर्यंत मारामारी चाले. त्या काळचा नामांकित लढवय्या जॅक ब्रॉटन याने १७४३ साली पहिले लिखित नियम केले. पडलेल्याला मारायचे नाही, कमरेखाली पकडायचे नाही, अशी त्यांची धाटणी होती. त्याच्या हातून एक प्रतिस्पर्धी दगावला आणि त्या धक्क्यातून हे नियम आले, असे परंपरेने सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, त्याने पुढे केलेली गोष्ट माझ्या दृष्टीने जास्त मोलाची आहे. त्याला खानदानी घरांतले शिष्य हवे होते. पण ही मंडळी काळेनिळे डोळे आणि मोडलेले जबडे घेऊन घरी जायला तयार नव्हती. म्हणून १७४७ मध्ये त्याने जाहिरात दिली की आपल्या शाळेत हातांना मऊ आच्छादने बांधून शिकवले जाईल. आजच्या ग्लोव्ह्जचे हे मूळ. बक्षिसाच्या लढती त्यानंतरही शंभरहून अधिक वर्षे उघड्या मुठींनीच होत राहिल्या. ग्लोव्ह आला तो शिकाऊंसाठी, तेही बिचकणाऱ्या शिकाऊंसाठी. पुढे १८६७ मध्ये क्वीन्सबेरीच्या नावाने ओळखले जाणारे नियम आले: तीन मिनिटांची फेरी, मध्ये मिनिटभर विश्रांती, ग्लोव्ह्ज सक्तीचे, कुस्तीसारखी पकड बंद. १८८० साली इंग्लंडात हौशी खेळाडूंची संघटना उभी राहिली. कारकुनी किंवा दुकानदारी करून संध्याकाळी खेळणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर जाता यावे, एवढी माफक अपेक्षा या सगळ्यामागे होती. ती माफक होती म्हणूनच खेळ पसरला.

बिचकणाऱ्याला खेळात कसे आणायचे, या प्रश्नाला आपल्याकडे वेगळे उत्तर मिळाले होते. जत्रेतल्या कुस्त्यांचे मैदान पाहणाऱ्याला ते चटकन लक्षात येते. मैदानाची सुरुवात लहान पोरांच्या, रेवड्यांवरच्या किंवा नारळावरच्या कुस्त्यांनी होते, आणि मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी लागते. सात-आठ वर्षांचे पोर गावासमोर पहिल्यांदा लंगोट लावून उतरते तेव्हा त्याच्यासमोर त्याच्याच अंगलोटीचे पोर असते, आणि हरले तरी हातात काहीतरी पडते. जोड लावणारी जाणती माणसे असतात. सलामी होते, मग खडाखडी, आणि त्यानंतर झटापट. वस्ताद महिनोन्महिने जोर-बैठका काढून घेतो आणि मगच लढतीला सोडतो. या शिस्तीला कोणी मानसशास्त्र म्हटले नाही, पण भीतीचे छोटे घास करून ती पचवायला शिकवण्याची ही पक्की पद्धत होती. विदर्भात तिला संस्थेचे रूप मिळाले ते अमरावतीत. अंबादासपंत वैद्य यांनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान आखाड्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, आणि ती गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. मला मात्र तिच्याहून महत्त्वाचे वाटतात ते मंडळाचे उन्हाळी वर्ग. ठिकठिकाणची माणसे तिथे शिकायला येत आणि आपापल्या गावी जाऊन शिकवीत. एका मोठ्या आखाड्याने जे साधले नसते, ते या परतणाऱ्या शिक्षकांनी साधले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. कुस्तीत ठोसा नसतो. मातीत पडण्याची भीती वेगळी, नाकावर बुक्की बसण्याची वेगळी. चेहऱ्याकडे काही वेगाने आले की डोळे मिटतात, मान वळते, श्वास अडकतो. हे शरीर आपणहून करते, त्यात धैर्याचा संबंध नाही. शिवाय नवख्याला आणखी एक भीती असते, तिच्याबद्दल कमी बोलले जाते: समोरच्याला मारण्याची. सरळ घरात वाढलेल्या मुलाचा हात दुसऱ्याच्या तोंडावर सहज उठत नाही, आणि तसा तो उठत नाही हे चांगलेच आहे. म्हणून आखाड्याची पद्धत जशीच्या तशी रिंगणात चालणार नाही. पण तिचे तत्त्व चालते, आणि चांगला बॉक्सिंग प्रशिक्षक नेमके तेच करतो. आधी उभे राहणे आणि पाय टाकणे, दोरीच्या उड्या, आरशापुढे एकट्याने ठोसे, मग बॅग, मग प्रशिक्षकाच्या हातातले पॅड. त्यानंतर जोडीदार ठरलेला एकच ठोसा हळू मारतो आणि नवखा फक्त तो अडवतो. मग भूमिका बदलते. पुढे खांद्याला नुसता स्पर्श करण्याचा खेळ, आणि बऱ्याच काळाने हेडगार्ड व माउथगार्ड लावून हलके स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत. डोळे उघडे ठेवण्याची सवय या पायऱ्यांवर लागते. पहिल्याच दिवशी नव्या पोराला जुन्या पोरापुढे ढकलून ‘बघू दम आहे का’ म्हणणारा प्रशिक्षक धैर्य शिकवत नाही. तो फक्त गाळणी लावतो, आणि त्या गाळणीतून पुष्कळ चांगले खेळाडू गळून जातात.

भीती दिसली म्हणजे माणूस संपला, या समजुतीला सर्वांत सणसणीत उत्तर १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकने दिले. मराठी वाचकाला ते ऑलिम्पिक खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकामुळे ठाऊक आहे. त्याच ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंगच्या हेवीवेट अंतिम लढतीत स्वीडनचा इंगेमार योहान्सन अमेरिकेच्या एड सँडर्सपुढे ठोसेच मारत नाही, म्हणून पंचांनी त्याला दुसऱ्या फेरीत बाद केले. भेकड असा शिक्का बसला. रौप्यपदकही रोखून धरले गेले, ते त्याला मिळाले १९८२ मध्ये. पण १९५९ साली याच योहान्सनने फ्लॉइड पॅटरसनला तिसऱ्या फेरीत सात वेळा खाली पाडून व्यावसायिक हेवीवेटचे जगज्जेतेपद घेतले. पॅटरसनही हेलसिंकीचाच, मिडलवेटचा सुवर्णविजेता. १९६२ मध्ये सनी लिस्टनकडून हरल्यावर लोकांना तोंड दाखवायला नको म्हणून तो खोटी दाढी लावून निघून गेला होता. इतका लाजाळू आणि धास्तावलेला माणूस दोनदा जगज्जेता झाला! या दोघांकडे पाहिल्यावर ‘वाघाचे काळीज’ ही पात्रतेची अट राहत नाही.

पण हेलसिंकीच्या त्याच लढतीला दुसरी बाजू आहे, आणि ती टाळली तर हा युक्तिवाद लबाडीचा ठरेल. जिंकलेला सँडर्स पुढे व्यावसायिक झाला आणि डिसेंबर १९५४ मध्ये बोस्टनच्या एका लढतीत कोसळून मरण पावला. त्याआधी १९२८ मध्येच न्यू जर्सीतले डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी वारंवार डोक्यावर मार खाणाऱ्या बॉक्सरांच्या मेंदूच्या आजाराविषयी लिहिले होते. तेव्हा आईबाप म्हणतील, पोराची भीती खरी आहे, ती घालवता कशाला? त्यांचे बरोबर आहे. ती घालवायची नाहीच. भीतीने दोन कामे होतात, एक पाय गोठवण्याचे आणि दुसरे सावध ठेवण्याचे. प्रशिक्षणाने पहिले कमी करायचे आणि दुसरे शाबूत ठेवायचे. हौशी बॉक्सिंगमधल्या तीनच फेऱ्या, वय-वजनाचे गट, लढतीआधीची वैद्यकीय तपासणी, खेळाडू हतबल दिसताच लढत थांबवण्याचा पंचाचा अधिकार, या सगळ्या तरतुदी कोणाच्या तरी रास्त भीतीतून आल्या. हेडगार्ड १९८४ च्या ऑलिम्पिकपासून सक्तीचे झाले. २०१३ मध्ये वरिष्ठ पुरुषांसाठी ते काढले गेले, कारण ते जखमा टाळते पण मेंदूला बसणारा हिसका थांबवत नाही आणि खोटा भरवसा देते, असा मुद्दा पुढे आला. त्या निर्णयावर वाद आहे. डोके न सांभाळता स्पॅरिंगची घाई करणाऱ्या जागेपासून पोराला दूर ठेवणे हा आईबापांचा भित्रेपणा नव्हे, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते.

मुलींच्या वाट्याला आणखी एक भीती आली, ती दुसऱ्यांची होती. नाक मोडेल, लग्न कसे होईल, वगैरे. पुरुषांचे बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये १९०४ सालीच आले, स्त्रियांचे पदकांसह आले २०१२ मध्ये. एवढा उशीर मुलींच्या बिचकण्याने झालेला नाही. त्यानंतर नऊच वर्षांनी, २०२१ मध्ये, पोलंडमधल्या किल्त्से इथे जागतिक युवा स्पर्धेत नागपूरच्या अल्फिया पठाणने ८१ किलोंवरील गटात सुवर्ण जिंकले. भारतीय मुलींनी त्या स्पर्धेत सात सुवर्णपदके मिळवली. विदर्भात हे घडू शकते, याला आता वेगळा पुरावा लागत नाही.

अडचण नागपूर ते अर्जुनी या अंतराची आहे. बल्लारशा-गोंदिया मार्गावरच्या या स्टेशनावरून रोज सरावाला नागपूर गाठणे शाळकरी मुलाला शक्य नाही, आणि महिन्यातून एकदा जाऊन भीतीच्या पायऱ्या चढता येत नाहीत, कारण त्या सवयीने चढायच्या असतात. अमरावतीच्या उन्हाळी वर्गांचा नमुना म्हणूनच अजून उपयोगाचा आहे. मुलाला शहरात धाडण्यापेक्षा तालुक्यातल्या दोन-तीन व्यायामशिक्षकांना, त्यांत एखादी शिक्षिका असलीच पाहिजे, सुट्टीत नीट प्रशिक्षण देऊन परत आणणे स्वस्त आणि टिकाऊ. धान निघाल्यावर मोकळी जागा भरपूर असते, दोऱ्या आणि बॅगा फार महाग नसतात, आणि पहिले वर्षभर तरी रिंगणावाचून काही अडत नाही. वजनकाटा आणि नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून हवी, कारण कोणाला कोणापुढे उभे करायचे हे त्यावरच ठरते.