वाडा आणि समाधी

ग्वाल्हेरचे लष्कर म्हणजे मुळात दौलतराव शिंद्यांची छावणी. १८१० च्या सुमारास येथे तंबू पडले, ते उठलेच नाहीत. त्यांचेच शहर झाले. आमच्या मित्राचे माधवगंज याच लष्करात. त्याच्यासोबत प्रथम जयविलास राजवाड्यातले संग्रहालय पाहिले. १८७४ साली जयाजीरावांनी बांधलेला हा वाडा. दरबारातली अवाढव्य झुंबरे आणि जेवणाच्या मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी पाहून डोळे दिपतात.

तेथून फुलबागेकडे आलो. जवळच राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. जून १८५८ च्या आरंभी शिंद्यांची बहुतेक फौज राणी आणि तात्या टोपे यांना मिळाली व जयाजीराव आग्र्याला इंग्रजांच्या आश्रयास गेले. त्याच महिन्यात राणीला येथे वीरमरण आले. इंग्रजांनी जयाजीरावांना पुन्हा गादीवर बसवले, १८६१ मध्ये झाशीही देऊ केली. ग्वाल्हेरचा किल्ला मात्र स्वतःकडे ठेवला. १८८६ साली अदलाबदल झाली. किल्ला शिंद्यांकडे आला, झाशी इंग्रजांकडे गेली. जी सोडायला राणीने नकार दिला, तिचा असा सौदा झाला.

वाडाही मराठी माणसाचा, समाधीही मराठी बाईची. दारी हिंदी आणि घरी मराठी बोलणारा मित्र पाहुण्यांना दोन्हीकडे नेतो. सीमाभागातल्या आपणही मुलांना आपला इतिहास दाखवताना हेच करावे. आधी कुठे न्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे; पण दोन्हीकडे न्यावे.