फाल्त्सच्या अरण्यातील वाटा : वहिवाट, कायदा आणि सायकल

ऱ्हाईन नदीच्या पश्चिमेस, जर्मनीच्या ऱ्हाईनलँड-फाल्त्स राज्यात, फाल्त्सचे अरण्य पसरले आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १,८०० चौरस किलोमीटर असून जर्मनीतील सलग अरण्यांत त्याची गणना अग्रभागी होते. तांबड्या वालुकाश्माच्या या डोंगराळ प्रदेशाची पूर्वेकडील कड हार्ट या नावाने ओळखली जाते. तेथील काल्मिट हे शिखर ६७३ मीटर उंच आहे. या कडेच्या पायथ्याशी द्राक्षमळ्यांची आणि मद्य करणाऱ्या गावांची लांबच लांब पट्टी आहे. वर अरण्य व खाली द्राक्षवेल, अशी ही रचना होय. अलीकडच्या काळात या अरण्यातील वाटांवर डोंगरी सायकली धावू लागल्या, आणि कोणत्या वाटेवर कोणाला जाता येईल हा प्रश्न वादाचा झाला. या वादाकडे बहुधा निसर्ग विरुद्ध क्रीडा, अथवा जुने विरुद्ध नवे, या दृष्टीने पाहिले जाते. परंतु या वाटांचा इतिहास तपासला असता ही मांडणी अपुरी ठरते. वाटेचा वाद हा मूलतः अरण्याच्या उपभोगाच्या हक्काचा वाद आहे, आणि तो सायकलीहून पुष्कळ जुना आहे.

मध्ययुगापासून हार्टच्या पायथ्याच्या गावांचे अरण्यावर सामाईक हक्क होते. अनेक गावे मिळून अरण्याचा एकेक भाग उपभोगीत. अशा भागांना ‘हाइनगेराइड’ म्हणत. हे हक्क मेरोव्हिंगियन राजा डागोबेर्ट याने दिले, अशी लोककथा आहे. कथेचे ऐतिहासिक मूल्य अल्प असले, तरी गावकऱ्यांना आपल्या हक्काचे मूळ किती प्राचीन वाटत होते, हे तीवरून कळते. द्राक्षशेतीला अरण्यावाचून गत्यंतर नव्हते. वेली चढविण्यासाठी लागणाऱ्या मांडवाचे खांब गोड चेस्टनटच्या टिकाऊ लाकडाचे असत. पिंपांसाठी ओकचे लाकूड लागे. अरण्यातील पालापाचोळा गोळा करून तो गोठ्यात अंथरीत, आणि त्यापासून झालेले खत मळ्यांत जाई. म्हणजे मळ्याची सुपीकता काही अंशी अरण्यातून उचलून आणलेली होती. डोंगराच्या कडेवरून वर जाणाऱ्या वाटांपैकी पुष्कळशा या नित्याच्या ये-जा करण्यातून पडल्या. त्यांना वहिवाटीच्या वाटा म्हणणे सर्वथा उचित होईल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश फ्रान्सकडे गेला आणि १८१६ मध्ये तो बव्हेरियाच्या राज्यास जोडला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत सामाईक अरण्यांची गावागावांत वाटणी झाली आणि शासकीय वनव्यवस्था दृढ झाली. वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने अरण्य हे लाकडाचे भांडार होते. बव्हेरियन राजवटीने ओढ्यांचे काठ दगडांनी बांधून काढले, जलाशय बांधले आणि श्पायरबाखसारख्या प्रवाहांतून सरपण वाहवून नेण्याची व्यवस्था वाढविली. १८४९ मध्ये लुडविग्सहाफेनहून पश्चिमेकडे बेक्सबाखपर्यंतचा लोहमार्ग पूर्ण झाला, त्यानंतर या जलवाहतुकीचे महत्त्व ओसरत गेले. लाकूड ओढण्यासाठी मात्र रुंद, बेताच्या चढाचे वनमार्ग आखले गेले. अशा रीतीने अरण्यात वाटांचे दोन थर निर्माण झाले: एक वहिवाटीने पडलेल्या अरुंद पायवाटांचा, आणि दुसरा वनव्यवसायासाठी आखलेल्या गाडीवाटांचा.

हा भेद केवळ भूगोलाचा नव्हता. जुने हक्क आकुंचित झाले तेव्हा काटक्या व पाचोळा गोळा करणारा गरीब माणूस कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरू लागला. लाकूडचोरीचे खटले हा त्या काळच्या फाल्त्समधील नित्याचा प्रकार होता. उत्तरेकडील प्रशियन ऱ्हाईन प्रांतातही हाच प्रश्न उपस्थित झाला होता. तरुण कार्ल मार्क्सने १८४२ मध्ये तेथील लाकूडचोरीच्या कायद्यावर लेखमाला लिहिली, ती या संदर्भात. द्राक्षउत्पादकांची स्थितीही बिकट होती. २७ मे १८३२ रोजी नॉयश्टाटजवळील हाम्बाखच्या गडावर स्वातंत्र्य व राष्ट्रीय ऐक्य यांसाठी जो प्रचंड मेळावा भरला, त्यात जकातीच्या जाचाने गांजलेल्या द्राक्षउत्पादकांनी काळा ध्वज नेला होता. अरण्य व मळा या दोहोंकडून कोंडी झालेल्या या समाजाचे ते चित्र होय.

महाराष्ट्रातील अभ्यासकास हा घटनाक्रम अपरिचित वाटणार नाही, आणि त्यास कारणही आहे. जर्मन वनशास्त्राची परंपरा हिंदुस्थानात आणणारे डीट्रिख ब्रँडिस हे मूळचे बॉनचे. १८६४ मध्ये ते हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक झाले. पुढे १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलांची व्यवस्था दृढ केली. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात वनखात्यावर जी टीका केली, तिचे मूळही वहिवाट आणि शासकीय वन यांच्या याच संघर्षात होते. दोन्ही ठिकाणची परिस्थिती भिन्न होती. प्रश्नाचे स्वरूप मात्र सजातीय होते.

फाल्त्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक नवा वर्ग अरण्याकडे वळला. लुडविग्सहाफेन येथे रसायन उद्योग वाढला आणि कारखाने व कचेऱ्यांतून काम करणारे नागरिक रविवारी आगगाडीने डोंगराकडे येऊ लागले. १९०२ मध्ये फाल्त्स अरण्य संघ स्थापन झाला. या संघाने वाटांवर खुणा केल्या, नव्या पायवाटा काढल्या आणि विश्रांतिगृहे उभारली. संघाचे एक धुरीण व वनाधिकारी कार्ल आल्ब्रेख्ट फोन रिटर यांच्या नावाने ओळखले जाणारे तीनशेंहून अधिक कोरीव दगड अरण्यात आहेत. लुप्त झालेली वस्ती, जुनी सीमा, एखादी घटना यांची नोंद ते करतात. विश्रांतिगृहांत साध्या जेवणाबरोबर पायथ्याच्या गावांचे मद्य मिळते, आणि २०२१ मध्ये या परंपरेचा जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत समावेश झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पदयात्री हाही या अरण्यात उशिरा आलेला पाहुणाच होता. त्याने आपला हक्क प्राचीनतेने मिळविला नाही. वाटांची निगा राखून तो मिळविला.

सायकलीची कथा या प्रदेशाच्या सीमेवरच सुरू होते. कार्ल ड्राइस याने १२ जून १८१७ रोजी मानहाइम येथून आपले दुचाकी ‘धावयंत्र’ प्रथम चालविले. मानहाइम ऱ्हाईनच्या पूर्व तीरावर, आजच्या लुडविग्सहाफेनच्या समोर आहे. आणि विशेष म्हणजे ड्राइस हा बाडेन राज्याच्या सेवेतील वनाधिकारी होता. तथापि डोंगरउतारावर टिकणारी सायकल घडली ती १९७० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात. जुन्या मजबूत सायकली घेऊन तेथील तरुण वनरस्त्यांवरून उतरत असत, त्यातून हा प्रकार वाढला. पुढे तो युरोपात पसरला. फाल्त्सच्या मध्यवर्ती अरण्यात २००५ मध्ये खुणा केलेल्या सायकलमार्गांचे जाळे सुरू झाले. आज त्याची लांबी सुमारे ९०० किलोमीटर आहे.

कायद्याने या नव्या उपभोगाला कोणत्या चौकटीत बसविले, हे पाहणे उद्बोधक आहे. १९७५ च्या जर्मन संघीय वनकायद्याने विरंगुळ्यासाठी अरण्यात जाण्याची सर्वांना मुभा दिली. सायकलीस मात्र रस्ते व मार्ग यांपुरतीच दिली. ऱ्हाईनपलीकडील बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्याने १९९५ पासून रुंदीची कसोटी लावली: दोन मीटरहून अरुंद वाटेवर सायकल नेण्यास मनाई. ऱ्हाईनलँड-फाल्त्सच्या २००० च्या वनकायद्याची कसोटी निराळी आहे. तेथे ‘वनमार्ग’ म्हणजे वनव्यवसायाचा कायम स्वरूपाचा मार्ग. पायवाट ही वनमार्गात मोडत नाही. पायवाटेवर सायकल न्यावयाची तर वनमालकाची अनुमती हवी. म्हणजे पूर्वी ज्या दोन थरांचा उल्लेख केला, तेच थर आजच्या कायद्यात जसेच्या तसे अवतरले आहेत. वनखात्याने लाकडासाठी आखलेली वाट ती ‘मार्ग’ ठरली. खांब, काटक्या व पाचोळा वाहणाऱ्यांच्या पावलांनी पडलेली वाट त्या संज्ञेस अपात्र ठरली.

यावरून पायवाटा सर्वांस मोकळ्या कराव्यात, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पाचोळा गोळा करण्याची वहिवाट जुनी होती, पण तिने वालुकामय जमीन निःसत्त्व केली. अनेक ठिकाणी पानझडी वृक्षांच्या जागी काटक पाइन लावावे लागले. हक्क प्राचीन असला म्हणून तो जमिनीस सोसवतोच असे नाही. हे अरण्य १९५८ मध्ये निसर्गोद्यान झाले, १९९२ मध्ये युनेस्कोने त्यास जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला, आणि १९९८ पासून ते फ्रान्समधील उत्तर व्होज प्रदेशाशी जोडलेले आहे. तेव्हा मर्यादा आवश्यकच आहेत. मात्र त्या मर्यादा ठरविताना अरण्य अस्पर्श होते, अथवा एखादा वर्ग त्याचा आद्य स्वामी होता, हे गृहीत धरता येत नाही.

फाल्त्सच्या वाटांचा इतिहास दोन गोष्टी स्पष्ट करतो. पहिली ही की, वाट तिला जन्म देणाऱ्या हक्कापेक्षा अधिक काळ टिकते. हाइनगेराइड गेले, ओढ्यांतून वाहणारे लाकूड थांबले, वाटा मात्र उरल्या. दुसरी अशी की, प्रत्येक नव्या उपभोक्त्यास येथे स्थान मिळाले ते काही कर्तव्य पत्करल्यानंतरच. सामाईक अरण्यातील गावांना उपभोगाबरोबर नियमही पाळावे लागत, आणि पदयात्री संघाने खुणा व दुरुस्ती यांचा भार उचलला. वाटेची रुंदी मोजून किंवा तिची व्याख्या करून सीमा आखता येते. परंतु त्या वाटेची झीज कोणी भरून काढावयाची, या प्रश्नाचे उत्तर व्याख्येतून मिळत नाही. सायकलस्वाराचा हक्क किती दृढ होईल, हे अखेरीस याच उत्तरावर अवलंबून राहील.