गाण्याचा क्लास : महिन्याची फी किती आणि खरा खर्च किती?

सोलापुरात मुलांना गाणं शिकवायचं ठरलं की पालकांचा पहिला प्रश्न असतो, 'महिन्याची फी किती?' पण नुसत्या फीवरून खर्च कळत नाही.

फी कशावर ठरते?
अनेक मुलं एकत्र बसतात तो क्लास स्वस्त. एकट्या मुलाची शिकवणी त्याहून महाग. शिक्षक घरी येणार असतील, तर आणखी महाग. म्हणून तासाचा हिशेब करा. समजा, 800 रुपयांत महिन्याला 8 तास मिळाले, तर तासाला 100 रुपये पडतात. 1,200 रुपयांत 4 तासच मिळाले, तर 300.

वरचा खर्च कोणता?
परीक्षा फी वेगळी असते. अनेक क्लास अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवतात. 'प्रारंभिक' ते 'विशारद पूर्ण' अशा 7 परीक्षा आहेत. हार्मोनियम लगेच घेऊ नका. सुरुवातीला मोबाइलवरचं मोफत तानपुरा ॲप पुरतं. घर अशोक चौकात आणि क्लास जुळे सोलापुरात असेल, तर रिक्षाभाडंही धरा.

दहावीला गुण मिळतात का?
हो. शास्त्रीय गायनाच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झाल्यास राज्य मंडळाकडून वाढीव गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत जातो. नववीत सुरुवात केली, तर वेळ अपुरा पडतो.

पैसे भरण्याआधी काय विचाराल?
सुट्टीतली फी लागते का? मध्येच सोडल्यास पैसे परत मिळतात का? वर्षाची फी एकदम भरू नका. आधी महिनाभर पाहा. मूल घरी आपणहून गुणगुणत असेल, तर पुढचा महिना भरा.