चर्चची घंटा आपोआप कशी वाजते? ऑटोमॅटिक बेल सिस्टीमची सोपी माहिती

रात्री सव्वादोनला चर्चची सकाळी सहाची घंटा वाजली! मी शीळफाट्याला राहतो. जवळच्या एका चर्चमध्ये हे मशीन बसवताना मी मदत केली होती, त्यामुळे पहिला फोन मलाच आला. चूक कुठे झाली ते सांगतोच, पण आधी ही सिस्टीम समजून घेऊ.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या घड्याळाचे टोल कुठल्याही चिपशिवाय, नुसत्या यांत्रिक रचनेवर पडायचे. देवळात आरतीला नगारा आणि घंटा वाजवणारं मोटरचं मशीन तर तुम्ही पाहिलंच असेल. त्यातही माणसाच्या हाताचं काम यंत्र करतं.

सिस्टीममध्ये काय काय असतं?

१. कंट्रोलर: वेळापत्रक सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर. उदा. अँजेलस प्रार्थनेसाठी सकाळी ६, दुपारी १२ आणि संध्याकाळी ६ वाजता तीन-तीन ठोके तीनदा, मग सलग ठोके.

२. हातोडा: घंटा जागेवरच राहते. विद्युतचुंबकाला क्षणभर करंट मिळतो, हातोडा घंटेच्या खालच्या जाड काठावर आपटतो आणि स्प्रिंग त्याला लगेच मागे ओढते. हातोडा टेकून राहिला तर घुमणाऱ्या नादाऐवजी नुसतं ‘टक्’ ऐकू येतं, आणि कॉइल जळू शकते.

३. मोटर: काही ठिकाणी मोटर लावून अख्खी घंटा झुलवतात. आवाज भारी येतो, पण प्रत्येक झोक्याला मनोऱ्यावर आडवा जोर पडतो. जुन्या बांधकामात स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करू नये.

ठोक्याचा जोर कमीच ठेवायचा. नाशिकच्या प्रसिद्ध नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. ती मूळची पोर्तुगीज घंटा. म्हणजे नीट वापरली तर घंटा तीनशे वर्षं टिकते, पण चुकीच्या जागी जोरात ठोके पडत राहिले तर तडा जातो. तडा गेला की नाद गेला.

मग त्या रात्री काय झालं?

आमचा कंट्रोलर इंटरनेटवरून वेळ घ्यायचा. रात्री लाईट गेली, पावणेदोनला आली. कंट्रोलर लगेच चालू झाला, पण नेट आलं नाही. अशा वेळी बरेच कॉम्प्युटर १ जानेवारी १९७०, ००:०० यूटीसी ही वेळ धरतात. भारतीय वेळेनुसार ती पहाटे साडेपाच! अर्ध्या तासाने त्याच्या हिशोबाने सहा वाजले आणि त्याने इमानदारीत घंटा वाजवली. कोड बरोबर होता, वेळ चुकीची होती. आसपास तान्ही बाळं होती, आजारी माणसं होती. दुसऱ्या दिवशी माफी मागताना मला खरंच लाज वाटली.

आम्ही काय बदललं?

- बॅटरीवरचं घड्याळ: डीएस३२३१ ही चिप बटण-सेलवर चालते. लाईट आणि नेट दोन्ही गेलं तरी वेळ चुकत नाही. वर्षभरात फरक पडतो साधारण मिनिटभराचा.
- शंका आली तर गप्प: साल अशक्य वाटलं तर घंटा वाजवायचीच नाही.
- रात्रीचं कुलूप: ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्र म्हणजे १० ते ६. या वेळेत आपोआप ठोका बंद.
- वेगळा कट-ऑफ: रिले चिकटला तर हातोडा अडकतो. म्हणून काही सेकंदांनी करंट तोडणारा टायमर, तोही सॉफ्टवेअरच्या बाहेर.

बसवण्याआधी हे लक्षात ठेवा

मनोऱ्यात चढण्याआधी खालचा मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. वर माणूस असताना वेळापत्रकाप्रमाणे हातोडा पडला तर जीवावर बेतेल. कानांना संरक्षण हवंच. वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मोबाईलवरून घंटा वाजवायची सोय असेल तर कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, नाहीतर घंटा कोणीही वाजवेल.

आणि हो, जुना दोर काढू नका. आमच्याकडे अंत्यविधीची घंटा अजून हातानेच वाजते. दोन ठोक्यांत किती थांबायचं, हे तिथे वाजवणारे काका ठरवतात. ते मी कोडमध्ये लिहिलेलं नाही.